उलट्या नदीचे शहर

शिकागोला गेलेला पाहुणा एकदा तरी नदीतल्या बोटीत बसतोच. मागच्या उन्हाळ्यात भाचीकडे गेले होते, तेव्हा मीही बसले. दोन्ही काठांना मान दुखेपर्यंत वर बघत राहावे अशा इमारती, मधून हिरवट, संथ पाणी, आणि बोटीच्या टोकाशी ध्वनिक्षेपक घेऊन उभा असलेला हसतमुख वाटाड्या. तास-दीड तासात त्याने शहराचा सारा इतिहास सांगितला. त्यातल्या तीन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. १८७१ साली ओ'लिअरी नावाच्या बाईच्या गाईने लाथ मारून कंदील पाडला आणि त्यात शहर जळाले, ही पहिली. दुसरी अशी, की १८८५ साली एक प्रचंड पाऊस आला, गटारांची घाण पिण्याच्या पाण्यात गेली आणि कॉलरा-टायफॉइडने नव्वद हजार माणसे मेली. आणि तिसरी, त्या धड्यामुळे शहाण्या झालेल्या शिकागोने चक्क नदीच उलटी वाहायला लावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मी इतिहास शिकवते आणि गणिताचे तास नाइलाजाने घेते. त्यामुळे नव्वद हजार हा आकडा बोटीतून उतरल्यावरही डोक्यात टोचत राहिला. पुढचे आठ-दहा दिवस कधी ग्रंथालयात, कधी पायी, मी त्याच्याच मागे होते. यातली तिसरी गोष्ट खरी निघाली. पहिल्या दोन नाहीत. आणि खरे जे घडले ते बोटीवर कोणी सांगत नाही.

चिखलावरचे गाव

शिकागो समजून घ्यायचे तर आधी जमीन पाहावी लागते. आपल्याला जलविभाजक म्हटले की सह्याद्री आठवतो. अलीकडचे पाणी अरबी समुद्राला, पलीकडचे बंगालच्या उपसागराला, आणि मध्ये उभी भिंत. शिकागोचा जलविभाजक पायी चालताना कळतही नाही. मिशिगन सरोवराच्या पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटरवर जमिनीला जेमतेम दोन-तीन मीटरचा फुगवटा आहे, तेवढाच. त्याच्या पूर्वेचे पाणी सरोवरात पडून शेवटी अटलांटिकला जाते, पश्चिमेचे इलिनॉय आणि मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताला. पावसाळी दिवसांत या फुगवट्यावरची दलदल इतकी भरे की तिथले आदिवासी होड्या घेऊन एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जात. १६७३ साली जोलिए आणि मार्केट हे फ्रेंच प्रवासी या वाटेने आले, तेव्हा इथे कालवा खणला तर दोन जलमार्ग जोडले जातील, हे जोलिएच्या लगेच लक्षात आले. शिकागो हे नावही इथल्याच भाषेतले, तिथे उगवणाऱ्या रानकांद्यावरून पडलेले. १८३३ च्या तहाने पोटावाटोमी लोकांना या जमिनीवरून मिसिसिपीपलीकडे जावे लागले. त्याच वर्षी जेमतेम साडेतीनशे वस्तीच्या या ठिकाणाला गावाचा दर्जा मिळाला.

जोलिएच्या मनातला कालवा १८४८ साली झाला. रेल्वेही त्याच वर्षी आली. मग काय झाले ते जनगणनेतच पाहावे. १८५० मध्ये वस्ती तीस हजार होती, १८७० मध्ये तीन लाखांजवळ गेली आणि १८९० मध्ये अकरा लाख झाली. शेवटच्या उडीत १८८९ साली शेजारची गावे शहरात घेतल्याचा वाटा आहे, हे खरे. तरीही चाळीस वर्षांत हे व्हावे, याला दुसरे उदाहरण सापडणे कठीण. पश्चिमेचा गहू, उत्तरेचे लाकूड आणि चहूकडची गुरे इथे यायची, आणि इथून पीठ, फळ्या, मांस, कापणीयंत्रे, रेल्वेचे डबे आणि पुढे पोलाद बाहेर जायचे.

एवढ्या माणसांचा आणि कारखान्यांचा मैला मात्र जाणार कुठे? जमीन सपाट, खाली चिकणमाती, पाणी मुरत नाही आणि वाहतही नाही. १८५४ साली कॉलऱ्याने शहरात सुमारे चौदाशे माणसे मेली. पुढच्याच वर्षी बॉस्टनहून चेसब्रो नावाच्या अभियंत्याला बोलावण्यात आले. त्याने साऱ्या शहरासाठी भुयारी गटारांची योजना आखली. अमेरिकेत अशी ही पहिलीच. अडचण एकच होती. गटाराला उतार द्यायचा तर ते खोल न्यायला हवे, आणि खोल नेले तर त्याचे तोंड नदीच्या पातळीखाली जाणार. चेसब्रोने उत्तर दिले ते असे: गटार खाली जात नसेल तर शहर वर घ्या.

आणि खरेच घेतले! नळ जमिनीवर टाकून त्यांवर भर घातली, रस्ते काही ठिकाणी दोन-तीन मीटरने उंच झाले आणि मग इमारती उचलायला सुरुवात झाली. १८६० साली लेक स्ट्रीटवरची सुमारे ९८ मीटर लांबीची दगडविटांच्या इमारतींची अख्खी रांग एकत्र उचलली गेली. खाली सहा हजार स्क्रू जॅक आणि ते फिरवायला सहाशे माणसे. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपल्या वाट्याचे जॅक ठरलेले तेवढेच फिरवायचे. पाच दिवसांत ती रांग जवळजवळ दीड मीटर वर गेली. आतली दुकाने चालू होती. साधी यंत्रे शिकवताना आपण स्क्रूचे उदाहरण म्हणून बाटलीचे झाकण दाखवतो. त्याच्या जोडीला ही गोष्ट सांगून पाहावी.

पण गटारे उघडत होती नदीत, नदी जात होती सरोवरात, आणि शहर पाणी पीत होते त्याच सरोवराचे. चेसब्रोला हे कळत नव्हते असे नाही. त्या काळी रोग दुर्गंधीतून, कुबट हवेतून होतात अशी समजूत होती. घाण दारातून हलली की काम झाले, असे बहुतेकांना वाटे. नळातून कधी कधी छोटे मासे येत, तेव्हा मात्र ओरड होई. म्हणून चेसब्रोने पाणी काठापासून दूर जाऊन आणायचे ठरवले. सरोवराच्या तळाखालच्या मातीतून ३.२ किलोमीटर लांबीचा बोगदा दोन्ही टोकांकडून खणत आणला. मध्ये भेटताना चूक पडली ती काही इंचांची. १८६७ पासून त्यातून पाणी येऊ लागले. त्या योजनेतला पाण्याचा मनोरा मिशिगन अव्हेन्यूवर आजही उभा आहे. तो १८६९ साली बांधला आणि १८७१ च्या आगीतून वाचला.

त्या आगीबद्दल दोन शब्द. तिच्यात सुमारे तीनशे माणसे मेली आणि लाखभर बेघर झाली. आग ओ'लिअरींच्या गोठ्याच्या आसपास सुरू झाली एवढे खरे. गाईची लाथ एका वर्तमानपत्राने आग विझायच्या आतच छापली. कॅथरिन ओ'लिअरी गरीब होती, आयरिश होती, कॅथलिक होती, आणि त्या काळच्या शिकागोत एवढे पुरे होते. चौकशीत तिच्यावर काही सिद्ध झाले नाही. तरी बिचारीचा जन्म त्या गाईखाली गेला. १९९७ साली नगरपालिकेने ठराव करून तिला आणि गाईलाही निर्दोष ठरवले. गोठ्याच्या जागी आज अग्निशमन दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

नव्वद हजार

आता त्या आकड्याकडे वळू. मी केले तेच आठवी-नववीच्या मुलांना करायला द्यावे. १८८० च्या जनगणनेत वस्ती पाच लाख तीन हजार, १८९० मध्ये अकरा लाख. म्हणजे १८८५ मध्ये सात लाखांच्या आसपास धरू. त्यांतले नव्वद हजार मेले म्हणजे दर आठांतला एक. तेव्हाच्या शहरांत दर हजारी वर्षाला वीसेक माणसे मरत असे धरले, तर सात लाखांमागे चौदा हजार मृत्यू होतात. नव्वद हजार म्हणजे सहा वर्षांची प्रेते एका पावसाळ्यात! ती कुठे पुरली? शवपेट्या कोणी केल्या? आगीतल्या तीनशे मृत्यूंची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे, १८५४ च्या चौदाशेंची नोंद प्रत्येक पुस्तकात आहे, आणि नव्वद हजारांचा साधा दगडही कुठे नाही?

शिकागो नदीचा इतिहास लिहिणाऱ्या लिबी हिल यांनी ही कथा तपासली आहे. निष्कर्ष स्पष्ट आहे: अशी साथ झालीच नाही. पाऊस मात्र खरा होता. २ आणि ३ ऑगस्ट १८८५ ला एका दिवसाच्या आत सुमारे १४ सेंटिमीटर पाऊस कोसळला. आपल्या कोकणाला हा आकडा काहीच वाटणार नाही, पण त्या सपाट गावाला पुरेसा होता. नदी फुगली, मैला सरोवरात घुसला. घाण बोगद्याच्या तोंडापर्यंत जाईल ही भीती अगदी रास्त होती. त्या भीतीनेच नागरिकांची संघटना जागी झाली, अहवाल लिहिले गेले, आयोग नेमला गेला. नव्वद हजार मृत्यू त्या वेळच्या वर्तमानपत्रांत नाहीत, आरोग्य खात्याच्या नोंदींत नाहीत. ते पुष्कळ नंतर छापील पत्रकांतून आणि पुस्तकांतून आले, आणि एकमेकांचे बघून पसरत गेले. जबाबदार ठिकाणीही ते छापले गेले आहेत, म्हणून त्या वाटाड्याला मी फार दोष देत नाही.

पण माणसे मरत नव्हती का? मरत होती. टायफॉइड म्हणजे विषमज्वर दरवर्षी येत होता. कधी तीनशे, कधी पाचशे, कधी हजार. १८९१ साली तर दर लाखी १७४ माणसे टायफॉइडने मेली, म्हणजे वर्षात सुमारे दोन हजार. यात एक पाऊस नाही, एक रात्र नाही, एक खलनायक नाही. बोटीवर सांगायला हे फारच कंटाळवाणे. ज्या घरातला कमावता माणूस तीन आठवडे तापाने फणफणून गेला, त्या घराला मात्र साथ आहे की नाही याने काही फरक पडला नसेल.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्याला जोडून सर्वधर्म परिषद झाली, आणि विवेकानंदांमुळे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ते साल माहीत असते. आयोजकांची मोठी चिंता होती पिण्याच्या पाण्याची. पाहुण्यांनी शिकागोचे पाणी प्यावे म्हणायची सोय नव्हती! म्हणून मैदानावर पाश्चर पद्धतीचे गाळणीयंत्र बसवले आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून झऱ्याचे पाणी नळाने आणून पेलाभर एका सेंटला विकले. शहरातले लोक अर्थात नेहमीचेच पाणी पीत राहिले.

नदी उलटते

१८८९ साली राज्याच्या कायद्याने शहराच्या मैल्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्याचे काम सोप्या शब्दांत सांगायचे तर सरोवरापेक्षा खोल असा कालवा तो फुगवटा फोडून पलीकडे न्यायचा. मग नदीला निवडच उरत नाही. पाणी उताराकडे जाते, आणि उतार आता पश्चिमेला आहे. यात पंप लागत नाही. मातीच्या ट्रेमध्ये मधोमध हलकासा उंचवटा करून, एका बाजूला पाणी भरून, बोटाने उंचवटा कापला की वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येते. जुना कालवा १८७१ साली खोल करून हाच प्रयोग एकदा झाला होता. नदी थोडे दिवस उलटली आणि पुन्हा पूर्ववत झाली. या वेळी काम मोठे होते: ४५ किलोमीटर लांबी, सात मीटरहून अधिक खोली, बराच भाग अखंड खडकातला. इथे तयार झालेली खोदकामाची यंत्रे आणि माणसे पुढे पनामा कालव्याला उपयोगी पडली असे अभियंते अभिमानाने सांगतात. १८९३ च्या जूनमध्ये लेमॉण्ट गावाजवळ मजुरी कापल्यावरून संप झाला, त्यात गोळ्या चालल्या आणि मजूर मेले, हे क्वचितच सांगितले जाते.

शिकागोला हे नवे नव्हते. आपण १ मे हा महाराष्ट्र दिन म्हणून आणि कामगार दिन म्हणून पाळतो, त्यातला कामगार दिन या शहरातून आलेला आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी संप सुरू झाला, ४ तारखेला हेमार्केट चौकाजवळच्या सभेत बॉम्ब फुटला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि पुढे चार जणांना फाशी झाली. मी ती जागा शोधत गेले. तिथे १८८९ साली उभा राहिला होता तो पोलिसाचा पुतळा. सभेतल्या वक्त्यांच्या गाडीची आठवण सांगणारे शिल्प आले ते २००४ मध्ये. स्मारक कुणाचे, हे बघायचे तर ते कुणी आणि कधी बांधले हेही बघावे लागते. असो.

कालवा २ जानेवारी १९०० रोजी उघडला. उद्घाटनाचा बँड नाही, भाषण नाही. गोठलेल्या मातीचा शेवटचा बांध भल्या सकाळी चार-दोन अधिकाऱ्यांच्या देखत घाईघाईने फोडला. घाई कसली? तर खाली, मिसिसिपीच्या काठावर सेंट लुईस शहर होते आणि तेही नदीचेच पाणी पीत होते. शिकागोचा मैला आपल्या पेल्यात येणार म्हणून मिसुरी राज्य न्यायालयात जायच्या तयारीत होते. मनाई हुकूम येण्याआधी पाणी वाहते झाले पाहिजे, हा सारा हिशेब. १७ जानेवारीला लॉकपोर्टचे दरवाजे उघडले आणि त्याच दिवशी मिसुरीचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला.

हा खटला विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर वाचावा असा आहे. शिकागोचे म्हणणे असे, की भरपूर पाण्यात मिसळले की मैला निरुपद्रवी होतो. कायद्याने प्रमाणही ठरवून दिले होते. हिशेब केला तर ते माणशी दर मिनिटाला साडेपाच लिटरच्या थोडे वर येते. मिसुरीचे म्हणणे, जंतू पोचतातच. मग प्रयोग झाला. लाल रंगाच्या वसाहती करणारा, तेव्हा निरुपद्रवी समजला जाणारा एक जीवाणू पिंपे भरभरून कालव्यात ओतला. लाल रंगामुळे तो ओळखायला सोपा. सुमारे पावणेसहाशे किलोमीटर खाली पाण्याचे नमुने घेतले जात होते. महिन्याभराने त्यांत तो सापडला. पण किती? एखाद-दुसरा. मिसुरी म्हणाले, पाहा, पोचतो. इलिनॉय म्हणाले, पाहा, इतका कमी पोचतो. एकच प्रयोग आणि दोन्ही बाजूंचा पुरावा!

१९०६ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला. मिसुरीने नुकसान सिद्ध केले नाही, म्हणून दावा फेटाळला. त्यांनी आणखीही एक बोट ठेवले. मिसुरीची स्वतःची शहरेही मैला त्याच नदीत सोडत होती. ज्याचे हात घाण त्याने दुसऱ्याला काय सांगावे, असा त्याचा अर्थ. निकाल तर्काला धरून आहे. पण कालव्याच्या आणि सेंट लुईसच्या मध्ये इलिनॉय नदी आहे, तिच्या काठी कोळी आणि शेतकरी राहत होते. फुगलेल्या नदीने सखल शेते बुडाली. त्यानंतरच्या दशकांत मैल्यावर जगणाऱ्या जीवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला, आणि नदीचा निर्जीव पट्टा वरून खाली सरकत गेला. फोर्ब्स आणि रिचर्डसन या जीवशास्त्रज्ञांनी तो वर्षानुवर्षे मोजून नोंदवून ठेवला. मैल्यावर खरी प्रक्रिया करण्याचे मोठे प्रकल्प आले ते १९२० नंतर.

माश्यांची चूक

शहरातला टायफॉइड कालव्याने कमी झाला, संपला नाही. काही भागांची गटारे अजून सरोवरातच पडत होती. १९०२ साली टायफॉइड पुन्हा उसळला, आणि एकोणिसाव्या वॉर्डात सर्वांत जास्त. इटली, ग्रीस, रशियाहून आलेले कामगार या वॉर्डात दाटीवाटीने राहत. जेन अ‍ॅडम्स यांचे हल हाउस हे सेवाकेंद्र तिथेच होते, आणि डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन तिथे राहत होत्या. शहराच्या लोकसंख्येचा छत्तिसावा हिस्सा या वॉर्डात आणि टायफॉइडच्या मृत्यूंचा सहावा. म्हणजे शहराच्या सरासरीच्या सहापट. पाणी तर सगळ्यांना एकच, मग इथेच का?

हॅमिल्टन गल्लीबोळांतून हिंडल्या. गटाराला न जोडलेले उघडे संडास, शेजारी स्वयंपाकघरे आणि सर्वत्र माश्या. त्यांनी माश्या पकडून प्रयोगशाळेत नेल्या, काहींवर टायफॉइडचे जंतू सापडले. १९०३ साली निबंध प्रसिद्ध झाला, नाव झाले, आरोग्य खात्यावर टीकेची झोड उठली, संडासांची तपासणी कडक झाली. नंतर हॅमिल्टनना कळले की त्या वॉर्डाला पाणी देणाऱ्या व्यवस्थेत बिघाड होऊन तीन दिवस मैला पिण्याच्या पाण्यात मिसळत होता, आणि खात्याने ही गोष्ट दडवली होती. माश्यांचा वाटा असलाच तर नगण्य. १९४३ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतःहून लिहिले. चुकीच्या सिद्धांताबद्दल लोक आपल्याला आयुष्यभर वाखाणत राहिले याची खंतही तिथे आहे. त्यांनी ते लिहिले नसते, तर ही तिसरी दंतकथाही बोटीवर ऐकायला मिळाली असती. क्लोरीन मिसळायला १९१२ नंतर सुरुवात झाली. पुढच्या चार-पाच वर्षांत ती साऱ्या शहरभर पोचली, आणि तेव्हा कुठे टायफॉइडचे आकडे नगण्य झाले.

एके दिवशी भाचीला घेऊन जुन्या कत्तलखान्यांच्या भागात गेले. १८६५ साली सुरू झालेले आणि १९७१ साली बंद झालेले ते अवाढव्य गुरांचे आवार आता नाही. दगडी कमान तेवढी उरली आहे. अप्टन सिंक्लेअरच्या १९०६ च्या 'द जंगल' या कादंबरीने जगाला हादरवले ते इथले चित्र दाखवून. अमेरिकेचा मांस-तपासणीचा कायदा त्याच वर्षीचा. कामगारांसाठी लिहिलेले पुस्तक, पण कायदा झाला खाणाऱ्यांच्या पोटाची काळजी घेणारा. जवळच नदीचा एक फाटा आहे, त्याला बबली क्रीक म्हणतात. म्हणजे बुडबुड्यांचा ओढा. कत्तलखान्यांचे रक्त, चरबी, आतडी दशकानुदशके इथे पडली आणि तळाशी बसली. ऑक्सिजनवाचून कुजताना त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. कत्तलखाने बंद होऊन पन्नास वर्षे उलटली. उन्हाचा दिवस होता, आम्ही पुलावर उभ्या होतो, आणि पाण्यातून बुडबुडे येत होते.

नदी मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, हेही सांगायला हवे. १९७५ पासून शहराखाली खडकातून बोगदे खणण्याचे काम सुरू झाले. १७५ किलोमीटरचे बोगदे २००६ मध्ये पुरे झाले, त्यांना जोडलेले प्रचंड जलाशय त्यानंतर आले. मुसळधार पावसात मैलामिश्रित पाणी आता नदीऐवजी बऱ्याच अंशी त्यांत साठते. मासे परतले, काठावर लोक बसू लागले. पण जोडलेली दोन खोरी ही जोडलेलीच राहिली. सरोवरातले परके शिंपले या वाटेने मिसिसिपीकडे गेले आणि मिसिसिपीतले परके कार्प मासे सरोवराकडे निघाले. त्यांना अडवायला कालव्यात २००२ पासून विजेचे कुंपण घातले आहे. सरोवरातून किती पाणी वळवायचे याच्यावर १९६७ च्या न्यायालयीन आदेशाची मर्यादा आहे. ती सेकंदाला सुमारे ९० घनमीटर.

हॅमिल्टनबाईंचे पुढचे आयुष्य शिशाच्या विषबाधेच्या अभ्यासात गेले. १९१० साली इलिनॉयमधल्या कारखान्यांत हिंडून त्यांनी रंग आणि बॅटऱ्या बनवणाऱ्या कामगारांच्या अंगात शिसे कसे भिनते ते शोधून काढले. हार्वर्ड विद्यापीठाने १९१९ साली नेमलेली पहिली स्त्री अध्यापक म्हणजे त्याच. १९७० साली, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या वारल्या. त्या वारल्या तेव्हाही शिकागोच्या बांधकाम नियमांनुसार रस्त्याच्या नळापासून घरापर्यंतची जोडणी शिशाचीच करावी लागे. १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत तो नियम होता. अशा जोडण्या शहरात चार लाखांच्या आसपास आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात इतक्या नाहीत. त्या बदलायचे काम सुरू आहे.

भाचीचे घर जुने, विटांचे, १९२० च्या आसपासचे. स्वयंपाकघरात नळाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली होती: सकाळी पाच मिनिटे पाणी सोडून द्यावे, पिण्यासाठी गरम नळाचे पाणी घेऊ नये. पहिल्या दिवशी मी ती पाणी वाया घालवायची चैन समजून मनातल्या मनात नाक मुरडले होते. निघायच्या सकाळी मीच नळ सोडला आणि घड्याळ बघत उभी राहिले.